बास्वाल्दोंचं रक्त

प्रिय आयेलेन,

रविवारी तू फोन ठेवलास आणि मी तो हातात धरून किती तरी वेळ अंगणातच उभी राहिले. परत लावावा असं मनात आलं, पण आपल्या दोघींचं फोनवर काय होतं ते तुला माहीत आहे. तू रडतेस, मी चिडते, आणि शेवटी तू म्हणतेस की आई तू ऐकूनच घेत नाहीस. म्हणून लिहायला बसले. पत्र बसवाल्या नेस्तोरच्या हाती देते आहे, सोबत आटवलेल्या गोड दुधाची बरणी आहे. आधी पत्र वाच, मग बरणी उघड. तुझं उलटं होतं, म्हणून सांगून ठेवते.

तू जे जे म्हणालीस ते मी नीट ऐकलं आहे. तो तुमच्या तबेल्याचा मॅनेजर मोन्तेरो कोवळ्या घोडीच्या तोंडावर चाबकाचा दांडा हाणत होता, तू तो त्याच्या हातातून हिसकावलास, कुंपणापलीकडे भिरकावलास आणि मालकाच्या पाहुण्यांसमोर त्याला नको नको ते बोललीस. सगळं बोलणं तू मला सांगितलं नाहीस, पण जेवढं सांगितलंस त्यावरून उरलेलं मला कळलं. आता तो म्हणतो, शुक्रवारपर्यंत माफी लिहून दे, नाही तर चालू लाग. पण तुझ्या रडण्याचं कारण मोन्तेरो नव्हता. तू म्हणालीस, "आई, माझा हात वर गेला होता गं. त्याला मारणारच होते. मला माझीच भीती वाटली. मी बाबांवर गेलेय. असलं रक्त घेऊन मी घोड्यांजवळ राहायला नको." आणि आता घोड्यांच्या डॉक्टरकीचं शिक्षण सोडून शहरातल्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात जायचं तू जवळजवळ ठरवलं आहेस. शुक्रवारी माफी लिहून द्यायची आणि त्याच दिवशी घोड्यांना कायमचा रामराम ठोकायचा.

तर आधी हे ऐक. मला तुझा अभिमान वाटला. फोनवर मी नुसतं "अगं बाई" एवढंच म्हणाले, कारण आत खिडकीशी तुझी आजी कान टवकारून बसली होती. पण आतून मी अशी फुलून गेले होते की शर्टाची बटणं तुटायचीच बाकी होती. चाबूक भिरकावलास! तोही कुंपणापलीकडे! आमच्या वेळी कुंपणं एवढी उंच नव्हती.

इकडची बातमी म्हणजे हवालदारणीच्या तिघी. तुला आठवत असेल, आमच्या मालकांनी त्यांच्या म्हाताऱ्या घोडीच्या, हवालदारणीच्या, मानेच्या कातडीचा तुकडा लॅबला पाठवला, तेव्हा दुकानावर केवढं हसू झालं होतं. कातडीपासून घोडी होणार असेल तर बुटापासून गाय का नाही, असं न्हावी विचारत होता. पण झाल्या की. पोलोच्या मैदानात दहा वर्षं कुणाला पुढे जाऊ न देणारी ती घोडी आता निलगिरीखाली पेंगत उभी असते, आणि तिच्या तीन क्लोन घोड्या समोरच्या कुरणात चरतात. तीन वेगवेगळ्या घोडींच्या पोटात वाढलेल्या, पण तोच बदामी रंग, तेच कान. कपाळावरचा पांढरा टिळा तेवढा प्रत्येकीचा जरा इकडे-तिकडे. कागदावर त्यांची नावं हवालदारीण एक, हवालदारीण दोन आणि हवालदारीण तीन. आम्ही पहिली, दुसरी, तिसरी म्हणतो.

या तिघींना शिकवायचं काम मालकांनी मला दिलं, आणि पहिल्या वेळी मदतीला तबेल्यातले जुने शिकवणारे, आपले इलारियो आजोबा, यांना बोलावलं. आजोबा आता काम करत नाहीत, पण घोडी म्हटली की त्यांना खुर्चीत बसवत नाही. गंमत बघ, हाच माणूस तरुणपणी घोडीवर बसायला मरणापेक्षा जास्त भ्यायचा. त्या वेळी आपल्याकडे मर्द माणसानं घोड्यावरच बसायचं. घोडीवरून कुणी दुकानात आला तर लोक विचारायचे, "काय रे, बायकोचा परकर घरीच राहिला वाटतं?" मग पोलोवाले आले. त्यांना घोड्याच हव्यात, कारण चेंडूमागे वळायचं ते घोडीनंच. आजोबा पन्नाशीत पहिल्यांदा घोडीवर बसले तेव्हा कुणी ओळखू नये म्हणून टोपी नाकापर्यंत ओढून घेतली होती. आता मात्र शपथेवर सांगतात की नर घोड्यांमध्ये कधी अक्कल नव्हतीच.

तर पहिलीला आम्ही हिवाळाभर शिकवलं. आजोबा रोज सकाळी तिच्याशेजारी नुसते उभे राहायचे, माते, तो आपला कडू पाल्याचा चहा, प्यायचे, तिच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. मग हात पाठीवर, मग घोंगडी, मग खोगीर. पहिली मोकळ्या मनाची, चार पायांवर सरळ उभी राहणारी, लवकर शिकली. वसंतात दुसरीला बाहेर काढलं आणि आजोबा सरळ खोगीर घेऊनच आले. मी म्हटलं, आजोबा, जरा उभे तर राहा तिच्याजवळ. ते म्हणाले, "अगं एर्सिलिया, हिला सगळं येतंय. तेच रक्त, तेच हाड, तेच डोळे. एक शिकवली की तिन्ही शिकल्या. काय परत परत तीच पोळी भाजायची?" शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तशातली गत. दुसरीनं त्यांना वर चढू दिलं. शांत उभी राहिली. मला तर वाटलं, म्हातारा जिंकला. आणि मग तिनं पाठ अशी वाकवली की आजोबा कुंपणाच्या तारेवरून पलीकडे. धुळीत पडल्या पडल्या त्यांनी टोपी शोधली, डोक्यावर घातली आणि तिच्याकडे बघून अगदी आदरानं म्हणाले, "माफ करा बाई. ओळख चुकली."

खांद्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर लुक्रेसिया त्याच दिवशी घोड्यांना टोचायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, मी माणसांची हाडं बसवत नाही." आजोबा म्हणाले, "मग घोडा समजून बसवा, फक्त गोळी घालू नका." अँब्युलन्स येईपर्यंत त्यांनी हात गळ्यात बांधून दिला आणि आम्ही तिघं तबेल्याच्या सावलीत बसलो. तेव्हा मी त्यांना विचारलं की डॉक्टर, एकाच कातडीची ही लेकरं, मग एवढा फरक कसा? त्यांनी फार छान सांगितलं. म्हणाल्या, पीठ तेच आहे एर्सिलिया, पण भट्ट्या तीन. दुसरी जिच्या पोटात वाढली ती घोडी कळपात सगळ्यांत खालची. पाण्यावर गेली की बाकीच्या तिला हाकलायच्या. शिंगरानं पहिल्या दिवसापासून काय पाहिलं, तर प्यायच्या आधी चारी बाजूंना बघायचं. तिसरीची आई कळपाची म्होरकी. म्हणून तिसरी कुणाच्या बापाला भीत नाही आणि सगळ्यांच्या टोप्या चावते. पण म्हणून रक्तात काहीच नसतं असंही समजू नका, असं त्या म्हणाल्या. तिघीही दौडीआधी डावा मागचा पाय झटकतात की नाही? तिघींपैकी एकीलाही पुढे दुसरं कुणी चाललेलं खपत नाही की नाही? ते कोणी शिकवलं? आणि खरंच गं, हवालदारीण अगदी तस्साच पाय झटकायची.

मग मी नर-मादीचंही विचारून घेतलं. फुकट शिकवणी मिळते आहे तर का सोडा! त्या म्हणाल्या, फरक आहे, नाही कशाला म्हणू. वळू घोडा भांडणाला लवकर उठतो, घोडी लवकर विसरत नाही. पण तुमच्या तबेल्यातल्या दोन घोडींमध्येच जेवढं अंतर सापडेल, तेवढं सगळे घोडे आणि सगळ्या घोड्या समोरासमोर उभ्या केल्या तरी सापडायचं नाही. हे मला पटलं. त्यात माझी भर एवढीच की उरलेला फरक लोकांच्या जिभेवर असतो. घोड्यानं लाथ मारली की म्हणतात, काय तेज आहे! घोडीनं तीच लाथ मारली की म्हणतात, खोडसाळ आहे, विकून टाका. लाथ तीच असते गं. बरगडीला विचार हवं तर.

माणसांतही तेच. तू झालीस तेव्हा सुईण बाहेर जाऊन ओरडली होती, "चप्पल झाली हो, चप्पल!" मुलगा झाला की मुलगा झाला, आणि मुलगी झाली की चप्पल झाली, ही आपल्या गावची बोलायची रीत. पायातली वहाण पायातच बरी, असं मनात असेल तर तोंडात तेच येणार. मी आतून ऐकत होते. पण तुझी आजी काय म्हणाली ते ऐकून मी दुखणं विसरून हसले. कासिल्दा बास्वाल्दो दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चप्पल असेल, पण बास्वाल्दोंची आहे. लागली की कळेल!"

त्या दिवसापासून तू बास्वाल्दोंची झालीस ती झालीसच. केस बास्वाल्दोंचे, दात बास्वाल्दोंचे. शाळेत तुला बक्षीस मिळालं, ते बास्वाल्दोंचं डोकं. गणितात नापास झालीस तर तेही बास्वाल्दोंचंच: "आमच्यात कुणाला गणित आलंय आजवर?" हे सुद्धा छाती काढून. मी जणू नऊ महिन्यांसाठी दिलेली भाड्याची खोली. माझ्या वाट्याला काय आलं, तर तुझे मोठाले पाय. तेवढे मात्र सासूबाईंनी मोठ्या मनानं माझ्या नावावर केले. मला कधी राग आला नाही. म्हातारीला एकच मुलगा, तो दूर दक्षिणेत, त्याच्या मागे उरली ती तू. तिनं तुझ्या अंगावर त्याला शोधलं तर बिघडलं कुठे?

आणि तुझा राग. तो तर बास्वाल्दोंचा मुकुटमणी. तू चार वर्षांची असताना शेजारच्या मुलानं बेडकाला दगड मारला म्हणून त्याला चावली होतीस. तेव्हा सारं गाव म्हणालं, फाबियानची पोर शोभते! पुढे तू मास्तरांशी भांडलीस, पाद्र्याशी भांडलीस, प्रत्येक वेळी तेच. आणि मग कुणी तरी हौदाची गोष्ट काढायचंच. तू ती इतक्यांदा ऐकली आहेस की तुला वाटतं तू तिथे होतीस. गावजत्रेच्या दिवशी घोड्यांचा व्यापारी ओतामेन्दी बांधलेल्या घोडीच्या डोक्यावर चाबकाच्या दांड्यानं मारत होता. फाबियान बास्वाल्दो वाऱ्यासारखा आला, चाबूक हिसकावला, गुडघ्यावर मोडला आणि त्या आडदांड माणसाला उचलून पाण्याच्या हौदात टाकलं. वर टोपी तेवढी तरंगत होती. आजी सांगते तेव्हा ओतामेन्दी दर वर्षी थोडा जाड होतो आणि हौद थोडा खोल.

म्हणूनच रविवारी मोन्तेरोचा चाबूक भिरकावल्यावर तुला वाटलं, झालं, बाबा अंगात आले. आणि जो माणूस रागाच्या भरात बायकोमुलीला टाकून निघून गेला असं गाव सांगतं, तोच आपल्या आत बसला आहे, उद्या आपणही असंच काही तरी करू. पोरी, तुझ्या जागी मी असते तर मीही घाबरले असते. पण तू इलारियो आजोबांसारखीच चूक करते आहेस. ओळख चुकली आहे तुझी.

आता जे लिहिते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ओतामेन्दीला हौदात फाबियाननं टाकलं नाही. मी टाकलं. उचलून वगैरे नव्हे, तेवढी ताकद कुणात असते? तो हौदाच्या कठड्याला टेकून उभा होता, त्यानं चाबूक वर उगारला आणि मी तो मागून खेचला. तो वळून म्हणाला, "ए बाई, घरी जा, तुझी भाकरी करपेल." मग मी दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवले आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ढकललं. मला तेव्हा आठवा महिना होता. हातांच्या आधी पोटच त्याच्यावर आदळलं. तेव्हा हिशेबानं बघितलंस तर अर्धा धक्का तुझा होता. चाबूक मी गुडघ्यावर मोडला नाही, पोटामुळे गुडघा वर येत नव्हता. कुंपणाच्या खांबावर मोडला. फाबियान पोहोचला तेव्हा ओतामेन्दी पाण्यात होता आणि फाबियानच्या दोन्ही हातांत खिम्याच्या करंज्या होत्या, एक त्याची आणि दोन माझ्या. तो एवढंच म्हणाला, "एर्सिलिया, गरम आहेत, आधी खाऊन घे."

बाकीचं गाव तेव्हा पलीकडे मांस भाजलं जात होतं तिथे जमलं होतं. म्हणजे साक्षीदार फार नव्हते. आणि गोष्ट उलटी फिरवली ती खुद्द ओतामेन्दीनं. त्याच दिवशी दुकानात ओले कपडे पिळत त्यानं जाहीर केलं की बास्वाल्दोनं पाडलं मला, काय जोर आहे त्या माणसात! दुसरं काय सांगणार बिचारा? आठ महिन्यांच्या गरोदर बाईनं हौदात पाडलं म्हणून सांगितलं असतं तर त्याला पुढची तीन गावं सोडावी लागली असती. लोकांनी फाबियानला दारू पाजली. तो "अहो पण, अहो पण" म्हणत राहिला आणि लोक म्हणाले, बघा, किती नम्र आहे! मी का बोलले नाही, असं विचारशील. मला मजा वाटली, हे पहिलं. आणि दुसरं म्हणजे माझी सोय झाली. मी तबेल्यात पुरुषांमध्ये काम करणारी एकटी बाई, आणि घरी असा नवरा आहे म्हटल्यावर कुणाची वाकड्या नजरेनं बघायची हिंमत झाली नाही. शिवाय माझं नाव झालं असतं तर लोकांनी त्याला तेज म्हटलं नसतं. म्हणाले असते, बाईचं डोकं फिरलं, गरोदरपणात होतं असं. ते मला मुळीच नको होतं. माझं डोकं अगदी ठिकाणावर होतं, त्या दिवशी तर जास्तच.

भोगलं ते तुझ्या बाबांनी. राग नसलेल्या माणसाला रागीट म्हणून जगणं फार जड जातं. जो तो दारुडा त्याला गाठून म्हणायचा, "चल बास्वाल्दो, दाखव जरा." तो मागच्या दारानं घरी यायचा. दुकानात जाणं त्यानं सोडलं, जत्रेला जाणं सोडलं. मी म्हटलं, सांगून टाकते सगळ्यांना. तर म्हणाला, नको, आता सांगितलंस तर मी खोटाही ठरेन आणि भित्राही. तू शाळेत जायला लागलीस त्या वर्षी दक्षिणेत तेलविहिरीवरच्या छावणीत स्वयंपाक्याची जागा निघाली आणि तो गेला. मला घोडे सोडून जायचं नव्हतं आणि त्याला इथे राहवत नव्हतं, एवढीच आमची भांडणाची गोष्ट, आणि तीही आम्ही भांडलोच नाही. गाव म्हणतं, तो संतापानं गेला. तो निघाला तेव्हा रडत होता आणि जाताना कोंबड्यांना दाणे टाकून गेला.

तेव्हा फाबियान तुझ्यात नाही असं म्हणू नकोस. भरपूर आहे. पोटदुखीनं लोळणाऱ्या घोड्याच्या डोक्याशी तू दिवसभर बसून राहतेस, काही न करता, बेसूर गुणगुणत, ते कोणाचं वाटतं तुला? माझं? मी तर तेवढ्या वेळात दहा वेळा उठून कुणाला तरी ओरडून येईन. तो धीर त्याचा आहे. दुसऱ्याचं दुखणं अंगाला लावून घेणं त्याचं. फोनवर रडणंही त्याचंच, मी फोनवर रडत नाही. आणि राग माझा. गावानं वाटणी नेमकी उलटी केली, कारण राग बापाकडून यायचा आणि माया आईकडून, हे त्यांचं आधीच ठरलेलं. तपासायला कोण जातं?

आता हा राग तुझा आहेच तर त्याच्याबद्दल दोन शब्द. तो जात नाही. जित्याची खोड आहे. पण ओतामेन्दीनंतर मी कुणाला हौदात टाकलेलं नाही, म्हणजे संधी पुष्कळ आल्या होत्या तरी. तो कामाला लावता येतो. तिसरी टोप्या चावते म्हणून मी तिला बांधून ठेवत नाही, सगळ्यांत आधी तिला दौडायला काढते. तुझा हात वर गेला होता, म्हणालीस. गेला, पण पडला नाही ना? माझा तर पडला होता. म्हणजे तू आईच्या एक पाऊल पुढे गेलीस, आणि तुला त्याची लाज वाटते आहे! पाहुण्यांसमोर शिव्या दिल्यास त्याबद्दल माफी मागायची तर माग, त्यानं तू लहान होत नाहीस. चाबूक हिसकावल्याबद्दल मागू नकोस. आणि मोन्तेरोनं काढलं तर काढू दे, घोडे काही त्याच्या एकट्याकडे नाहीत. कुत्र्यामांजरांचा दवाखानाही वाईट नाही, आवडत असेल तर खुशाल जा. पण रक्ताला भिऊन जाऊ नकोस. तू ज्याच्या रक्ताला भितेस तो माणूस कधी नव्हताच.

हे पत्र मात्र मला सुचलेलं नाही. मी गप्पच राहिले असते, इतकी वर्षं राहिलेच होते. रविवारी फोन झाल्यावर मी आत आले तर सासूबाईंनी रेडिओ बंद केला होता. त्या रेडिओ कधी बंद करतात का? म्हणाल्या, "काय म्हणते पोर? बापावर गेलेय म्हणून घोडे सोडते?" मी मान हलवली. त्या ॲप्रनच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "एर्सिलिया, त्या जत्रेत मी हौदाच्या समोरच पुऱ्या तळत बसले होते." आयेलेन, एवढी वर्षं रोज माझ्यासमोर ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगणाऱ्या या बाईनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणाल्या, "माझा फाबियान कोंबडी कापायला शेजाऱ्याला बोलवायचा. आडातच नव्हतं तर पोहऱ्यात कुठून येणार? मला आपलं वाटायचं, एकदा तरी लोकांनी माझ्या पोराला मर्द म्हणावं. पण त्यापायी ही पोर भिऊन बसायची असेल तर नको मला ते. लिही तिला. फोनवर नको, फोनवर तू चिडशील. लिही की तू आईवर गेलीस, आणि हे आजी सांगते आहे, कासिल्दा बास्वाल्दो, जिनं बघितलंय. बास्वाल्दोंमध्ये एवढी हिंमत कुणातच नव्हती, बाहेरून आणावी लागली." मग त्यांनी रेडिओ परत लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गावात मात्र माझा फाबियानच राहू दे."

तू जिच्यावर गेलीस ती,
तुझीच,
आई